काहिलीवर वाकवलेली हॉकी

चौऱ्याहत्तरचा हिवाळा. सातारा स्टँडवर कोयनानगरच्या गाडीची वाट बघत होतो. मागच्या बाकावर सुट्टीवर आलेला एक जवान आणि त्याचा चुलता, मध्ये भलंमोठं पोतं.

"आकाराम, गेल्या साली गुऱ्हाळावर काहिलीच्या वाफंत हॉकीचं टोक आनखी वाकवून आखूड केलंस, तवाच म्हनलं, पोरगं चांगल्या काठीचा सत्यानास करतंय."

"आवं तात्या, पलटणीतबी समदी हासली. काठीच्या नव्या बाकाची सवयच व्हईना. बॉल मारावा समोर, जायचा भलतीकडं."

"मग टाकून द्यायची."

"न्हाई टाकली. बॉलच्या लय जवळ, वाकून खेळाय शिकलो. फायनलला बरोबरी, शिट्टी वाजायला आलेली, आन् बॉल माझ्या डाव्या अंगाला. नेहमीची लांब टोकाची काठी तिथं वळलीच नसती. मी काठी उलटी फिरवली, बाकात बॉल घावला, आन् सरळ गोलात!"

"जिकलास व्हय रं!"

"जिकलो! खांद्यावर घिऊन नाचवलं मला."

"मग पोत्यात काय, कप?"

"कप पलटणीत. ह्यात समद्या टीमच्या काठ्या हायत, सायबानं धाडल्यात. गुऱ्हाळ चालू हाय न्हवं?"

"हाय की. पर ह्या खेपंला वाफंवर मी धरनार."