नळाला नमदा

...आणि वर मलाच विचारतात, "झीनेगुल, तुझ्या हातांना काय झालं गं?" काय होणार? किरगिझस्तानच्या डोंगरात, नारिनमध्ये राहते मी! तुम्हाला सांगते, आमच्याकडे नवऱ्याची धुतलेली विजार दोरीवर टाकली की घटकाभरात गोठून आपली आपण उभी राहते... आणि खरं सांगू? नवऱ्यापेक्षा ताठ उभी राहते!

तर नळ. अंगणातून येतो, भिंतीवर चढतो आणि स्वयंपाकघरात शिरतो. तो भिंतीवरचा तुकडा उघडा! दर हिवाळ्यात तिथेच गोठतो. मग पाणी कुठून? नदीवरून! बर्फ फोडून! आणि कोण आणणार? म्हणून मी ऑक्टोबरातच यांच्या, म्हणजे आमच्या मेडेरच्या, मागे लागले. "अहो, नळाला काहीतरी गुंडाळा." हे आपले घोड्याला खरारा करतायत. मी म्हटलं, "घोड्याला झूल घातलीत ना? तशीच नळाला घाला की!" तर म्हणतात कसे, "घोडा गारठला तर दुसरा कुठून आणू? नळ गोठला तर सून आहेच की!" बघा, स्वतःच्या तोंडानं! बायकोसुद्धा म्हणाले नाहीत हो, सून म्हणाले!

मग गेले सासूबाईंकडे. उल्जान अपा. तिच्या खोलीत नमद्यांचा, लोकरीच्या जाजमांचा, ढीग छताला टेकलाय. जाड, गरम, शुद्ध लोकर! "अपा, एखादा जुना द्या ना, नळाला बांधते." झालं! म्हातारी छाती धरून खाली बसली. "ते माझ्या मयताचे! लोक येतील, ढीग बघतील! कमी दिसला तर म्हणतील, भिकारीण मेली!" आता ही मरणार कधी? माझं लग्न ठरवायला आली होती तेव्हापासून मरतेय! मी म्हटलं, "पण अपा, नळ..." "गोठला तर सून आहेच की!"

शेवटी मी माझा काढला. माहेरचा. माझ्या आईनं मेंढ्याच्या शिंगांची नक्षी काढून, हिवाळेच्या हिवाळे बसून शिवलेला. आई आता नाही. कात्री लावताना रडले, लपवून काय करू? पट्ट्या कापल्या, खाली पेंढा, वर नमदा, वरून दोरी... बाळंतिणीला बांधत नाहीत एवढं घट्ट बांधलं! अपा खिडकीतून बघत होती. म्हणाली, "बरं केलंस. तशीही नक्षी वाकडीच होती."

आणि जानेवारीत काय झालं असेल? अख्ख्या गल्लीचे नळ गोठले... आणि आमचा वाहतोय! धो धो! मी नळाखाली हात धरून उभी, हसतेय एकटीच. दोन दिवस राणी होते हो मी, दोन दिवस!

तिसऱ्या दिवशी अपा फाटकात उभी. "या गं बायांनो! आमच्याकडे पाणी आहे!" आल्या की! डबे, बादल्या, किटल्या... गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्या! त्यांच्या सुना शहाण्या, बिश्केकला कामाला पळाल्यात. आणि आमच्यात उंबरा ओलांडून आलेलं माणूस रोटी मोडल्याशिवाय, चहा घेतल्याशिवाय परत गेलं तर घराची अब्रू गेली! मग काय? कणीक मळ, समोवार पेटव, चहाच्या वाट्या विसळ, पुन्हा कणीक! एक म्हणते, "लोणी खारट झालंय गं." दुसरी म्हणते, "चहा अंमळ पांचट." फुकटचं पाणी, फुकटचा चहा आणि तोंडं बघा यांची! मी हळूच म्हटलं, "अपा, अंगणातच डबे भरून देऊ या का?" "पाणी देऊन दारातनं हाकलायचं? तू सून आहेस की पाहुणी?"

मग एकदा सगळे लग्नाला गेले होते. मी अंगणात गेले आणि दोरी सोडली. हो, मीच! नमदा नळाला चिकटून बसला होता, ओढला तर आईची नक्षी टराटरा फाटली... पण मी ओढला. सगळे परत येईपर्यंत नळ दगड! म्हटलं, नदी तर नदी. तिथे निदान कुणाला चहा लागत नाही!

सकाळी उठते तर अपा फाटकात! "नळ गोठला गं आमचा! पण तुम्ही कशाला काळजी करता? सून आहेच की! तुमचंही पाणी आणेल नदीवरनं! तोवर आत या, चहा घ्या!"

आता पाणीही मीच आणते, अख्ख्या गल्लीचं, आणि चहाही मीच करते! काल दोन्ही हातांत बादल्या, डोक्यावरच्या रुमालाला बर्फ लोंबतोय, अशी दारात उभी होते, तर अपा माझ्याकडे बोट दाखवून म्हाताऱ्यांना कौतुकानं सांगतेय, "नळापेक्षा सून बरी गं. नळ गोठतो. ही नाही गोठत."

नाहीच गोठत हो मी! गोठायची रोज वाट बघते...