केरबातात्यांची साक्ष

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. पेटीवाले, तुम्हीही भाता सोडा! आता सूर नको, उत्तर पाहिजे.

मघाशी देवळात शिरताना चपला काढल्यात ना? तुमच्या चपलेशेजारी कुणाची चप्पल होती? सांगा! अहो, माना खाली काय घालता? खाली बघून नाही दिसायची, ती बाहेर आहे! पण आत शिरा शिजतोय, त्यात वेलदोडा पडलाय की नाही, हे विचारलं तर? बघा, हसले! सगळ्यांना माहीत आहे!

तर आजचा प्रश्न एवढाच. साक्षीदार म्हणायचं कुणाला? जो हजर होता त्याला, की ज्यानं पाहिलं त्याला? सोपं वाटतंय? थांबा. याच प्रश्नापायी एका बाईचं अख्खं घर टांगणीला लागलं होतं.

ऐका. कृष्णाकाठी एक गाव. नाव सांगत नाही, सांगितलं तर उद्या निम्मे लोक चौकशीला जाल. त्या गावात ज्योतीराम माळवदे आणि त्यांची बायको सगुणाबाई. धंदा काय? मिरची कांडप! दिवसभर लोखंडी मुसळं धाडधाड आपटतायत, तिखट उडतंय. गल्लीत शिरलेला माणूस आधी शिंकणार, मग राम राम म्हणणार! गावात नवा जावई आला की लोक त्याला मुद्दाम त्याच गल्लीतून न्यायचे. रडत रडत सासरी जाणारे जावई फक्त त्या गावानं पाहिले!

खाली कांडप, वर दोन खोल्या. एकुलता एक मुलगा सर्जेराव, तो पुण्याला नोकरीत, तिथंच ब्लॉक. पोरगा वाईट नव्हता हं. पण त्याचं म्हणणं, ‘हे विका आणि माझ्याकडे या.’ आणि सगुणाबाईंचं म्हणणं, ‘तुझ्या ब्लॉकात मी काय कुंडीतली तुळस होऊन बसू? इथं मला सकाळी उठून काम हाय!’

पुढं ज्योतीरामांना छातीचं दुखणं लागलं. त्यांनी ओळखलं, आपलं काही खरं नाही. म्हणून मृत्युपत्र केलं. ‘माझ्यामागे कांडप आणि खोल्या सगुणेच्या. या मृत्युपत्राची कारभारीणही तीच.’ सहीला दोन साक्षीदार लागतात. एक बोलावले गावचे पेन्शनर मास्तर. आणि दुसरे केरबातात्या.

हे केरबातात्या कोण? गळ्यात माळ, कपाळाला बुक्का, कीर्तनाला पहिल्या रांगेत! जन्मात खोटं बोलले नाहीत अशी ख्याती. बैल विकताना गिऱ्हाइकाला आधी बैलाची खोड सांगायचे, मग किंमत. म्हणून त्यांचे बैल गोठ्यातच म्हातारे व्हायचे!

सह्या झाल्या. काही महिन्यांनी ज्योतीराम गेले. मास्तरही पाठोपाठ गेले. सगुणाबाई चौदावा झाला तशी कांडपात येऊन उभ्या राहिल्या. लोक म्हणाले, ‘अहो, इतक्यात?’ त्या म्हणाल्या, ‘वर खोलीत नुसतं बसलं की त्यांचा खोकला ऐकू येतोय. इथं मुसळांच्या आवाजात येत न्हाई.’

काय बोलावं मंडळी? जोडीदार गेला की घर फार मोठं होतं. दोन खोल्यांचं असलं तरी.

पण खोल्या नावावर करायच्या तर वकीलबाई म्हणाल्या, ‘काकू, प्रोबेट काढायला हवं.’ प्रोबेट म्हणजे काय? घाबरू नका, रोगाचं नाव नाही! कोर्ट मृत्युपत्र तपासतं आणि शिक्का मारतं, की हो, हे खरंच त्या गेलेल्या माणसाचं. अर्ज केला की कोर्ट नोटीस काढतं, कुणाची हरकत असेल तर सांगा.

आणि सर्जेरावानं हरकत घेतली!

का? तर त्यानं कागद पाहिला. खालची सही दोन रंगांची! ‘ज्योतीराम’ निळ्या शाईत आणि ‘माळवदे’ काळ्या! तो म्हणाला, ‘माझ्या बाबांची सही अशी कधीच नव्हती. खोटा कागद हाती देऊन आईला कुणीतरी फसवतंय.’ संशय खरोखरचा होता हो. पण परिणाम काय? कागद टिकला तर सगळं आईचं. नाही टिकला तर निम्मं आईचं, निम्मं मुलाचं, आणि मुलाला विकायचंय. आता निम्म्या कांडपात मिरची कशी कुटणार? मुसळ वर जाईल, खाली कोण आणणार?

मास्तर तर गेलेले. उरले केरबातात्या! सगळं गाव निर्धास्त. म्हणालं, ‘तात्या आहेत ना? मग झालंच!’

आणि तात्या मात्र जेवेनात.

तारखेच्या आदल्या दिवशी कांडपाच्या दारात आले. शिंकले. आत आले. पुन्हा शिंकले. मग म्हणाले,

‘वैनी, एक सांगायचं हाय.’

‘सांगा की.’

‘त्या दिवशी सही करताना... मी बघितलंच न्हाई.’

‘म्हंजे? तुम्ही तर शेजारीच बसला हुता!’

‘बसलो हुतो. पर तुम्ही तेवढ्यात मिरचीची भजी आणलीसा. मी भज्यांकडं बघत हुतो.’

घ्या! जन्मभर माळ ओढली, पण नजर कुठं? भज्यात! हसू नका, मघाचा शिरा आठवा!

तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, ‘मन म्हनतंय, ‘बघितलं’ म्हनून टाक. तुमचं घर वाचतंय. एवढा एक शब्द. तुम्ही म्हनाल तसं करतो.’

आता सांगा मंडळी! तुम्ही त्या बाईच्या जागी असता तर? नवरा गेला, पोरगं समोर उभं राहिलं, घर एका शब्दावर लटकलंय, आणि तो शब्द द्यायला माणूस तयार आहे. कुणी नाही म्हटलं असतं? बाईंचंही मन खाली-वर झालंच. त्या बराच वेळ मिरच्यांचे देठ खुडत राहिल्या. मग एकदम म्हणाल्या,

‘तात्या, भजी कशी झाली हुती ते तरी आठवतंय का?’

‘एक नंबर, वैनी!’

‘मग तेच सांगा. जे बघितलं ते सांगा. त्यांनी आयुष्यात कुणाच्या तिखटात भेसळ केली न्हाई. त्यांच्या कागदात मी कशाला करू?’

वा! बोला की वा! अशा वेळी नाही म्हणायचं तर कधी म्हणायचं?

दुसऱ्या दिवशी कोर्ट. तात्या पिंजऱ्यात. शपथ झाली. वकीलबाईंनी विचारलं, ‘ज्योतीरामांनी तुमच्यासमोर सही केली?’

‘माझ्यासमोर केली. पर मी बघितली न्हाई.’

‘का?’

‘भजी हुती.’

अख्खं कोर्ट हसलं! पट्टेवाला हसला! समोरचे वकील तर आनंदानं उभेच राहिले. पण त्यांनी तयार ठेवलेला सवाल एकच होता. तात्यांनी ‘पाहिलं’ म्हटलं की लगेच विचारायचं, सही करताना पेन कितीदा बदललं? आणि तात्या तिथंच आडवे झाले असते, खोट्यासकट! पण आता विचारणार काय? माणूस आपणहून सांगतोय, मी भज्यात होतो!

जज्जसाहेबांनी हसू आवरलं आणि म्हणाले, ‘तात्या, मग तुम्ही साक्षीदार म्हणून सही कशाच्या भरवशावर केलीत?’

‘साहेब, ज्योतीरामानं कागद माझ्याकडं सरकवला. सहीवर बोट ठेवलं आन् म्हनाला, ‘तात्या, ही माझी सही. आता तुझी कर. भजी पळून जात न्हाईत.’ म्हनून केली. त्याच्याच समोर.’

‘आणि मास्तरांनी?’

‘त्यांची मातर मी डोळ्यांनी बघितली. आमच्या दोघांसमोर केली त्यांनी. ताटली त्यांच्या कोपराखाली अडकली हुती, म्हनून नजर तिथंच हुती!’

जज्जसाहेबांनी लेखणी खाली ठेवली. म्हणाले, ‘कायद्याला एवढं चालतं. साक्षीदारानं सही होताना पाहिली पाहिजे, किंवा करणाऱ्यानं त्याला स्वतः सांगितलं पाहिजे, की ही माझी सही.’

पाहिलंत? खोट्यानं बुडालं असतं ते भज्यांनी तारलं!

पण समोरचे वकील म्हणाले, ‘ते ठीक. दोन रंगांचं काय?’ सगुणाबाई उभ्या राहिल्या. कुणीतरी पाहिलं होतं मंडळी! त्यांनी पाहिलं होतं. स्वयंपाकघराच्या दारातून.

‘साहेब, त्यांनी नाव लिवलं आन् पेन बंद पडलं. त्यांनी झटकलं. केसांत घासून बघितलं. मग मास्तरांच्या खिशातलं पेन घेतलं. पर आडनाव लिवायच्या आधी थांबले आन् माझ्याकडं बघितलं. मला म्हनले, ‘सगुणे, तुला जमंल ना गं एकटीला?’ मी म्हनलं, ‘जमंल.’ मग म्होरचं लिवलं.’

‘मग तुम्ही काय केलंत?’

‘डोळं पुसलं. तिखट गेलं म्हनून सांगितलं.’

सर्जेराव मागच्या बाकावर होता. तो उठला आणि वकिलांना म्हणाला, ‘हरकत मागं घ्या.’ मग आईजवळ आला. म्हणाला, ‘आई, मला हे माहीत नव्हतं.’ ती म्हणाली, ‘तू विचारलंस कधी, बाळा? कागद बघितलास. माझ्याकडं कुठं बघितलंस?’

मंडळी, त्या खोलीत एक माणूस जगाचा निरोप घेत होता. नाव आणि आडनाव यांच्या मधल्या जागेत बायकोला विचारत होता, तुला जमेल ना! हातभर अंतरावर हे सगळं घडलं, आणि तात्यांना काय दिसलं? भजी! तात्या बिचारे खरं तरी बोलले. तुमचं-माझं काय?

प्रोबेट मिळालं. कांडप अजून चालू आहे. तात्या मिरच्या कुटायला घेऊन जातात, सगुणाबाई भजी तळतात आणि म्हणतात, ‘आता इकडं बघत खावा!’

बरं. तिकडे बायकांच्या बाजूला तुमच्या घरची मंडळी बसली आहेत. पुरुष मंडळी, मान न वळवता सांगा, आज त्यांनी कुठल्या रंगाचं लुगडं नेसलंय? आणि बायांनो, तुम्ही हसू नका! ह्यांच्या सदऱ्याचं कुठलं बटण तुटलंय ते सांगा पाहू!

नाही ना सांगता येत? संसार बरोबर केलात, हजेरी पक्की आहे. पण उद्या दोघांतला एक उरेल आणि कुणीतरी विचारेल, माणूस कसा होता हो? तेव्हा कुठलं पेन बंद पडलं आणि तो कुणाकडे बघून थांबला, हे सांगायला तुम्ही असाल का?

वळवा आता माना. लाजता काय? बघा एकदा नीट.

झालं बघून? मग घ्या देवाचं नाव. आणि आज डोळे मिटू नका हं, उघड्या डोळ्यांनी घ्या!