दोन दिवसांचा विभागप्रमुख

तासिका तत्त्वावरच्या मास्तराला विभागप्रमुख कोण करतं, म्हणता? अरे, मी लागोपाठ दोन दिवस होतो!

आमच्या संस्थेची दोन कॉलेजं. कमानी टोलेजंग, पण प्राध्यापकांची भरती बंद. तपासणी समिती आली तेव्हा मुदखेडला मला इतिहासाचा प्रमुख म्हणून बसवलं. संध्याकाळी प्राचार्य म्हणाले, "सर, उद्या हिमायतनगरच्या कॉलेजात भूगोलाचे व्हा. तिथं समिती दुसरी हाय."

गेलो. उसना कोट घालून, पृथ्वीचा गोल पुढं ठेवून बसलो, तर दारातून कालच्याच समितीचे अध्यक्ष आत! लातूरकडच्या एका कॉलेजचे प्राचार्य. माझ्याकडं बघतच राहिले.

"काल तुम्ही इतिहासाला होता ना?"

मी पुढचा गोल उगाच फिरवला. "हाव सर."

बाकीचे सदस्य पुढं गेले, तसं त्यांनी दार लोटून घेतलं. मला वाटलं, आता कॉलेजची मान्यताबी गेली अन् माझे तासबी गेले.

ते जवळ येऊन हळूच म्हणाले, "पुढच्या महिन्यात आमच्याकडं समिती येऊन राहिलीय. गणिताचे व्हाल का?"