वॉलीचा क्रँक

हॅलो?… कोण, मर्ल?… हो, हो, मिळालं होतं गं तुझं पत्र. थंडीतच मिळालं… नाही, उत्तर नाही पाठवलं, खरं आहे. लिहायचो नि चुलीत घालायचो… अगं, लिहिणार काय होतो?

…विसरेन कसा? पाठ आहे मला. ‘क्लॅरी, वॉलीच्या बुडालेल्या बोटीचा क्रँक नदी आटल्यावर चिखलातून काढून घेतला, तो तुला देतेय. ईस्टरपर्यंत तुमच्या हॅरिएट बोटीचं चाक त्यावर फिरलं तर ठेव. नाहीतर मोटेलवाला मागतोय, दारात शोभेला.’ असंच ना?

…काय? तो तुझ्या अंगणात उभा आहे? ट्रक घेऊन?… उभा राहू दे. चहा दे हवा तर… केक नको देऊस!

अगं ऐक ना… मोठ्यानं बोल, इथे फार खडखडाट आहे… कसला म्हणजे? ओळख बरं… वॉशिंग मशीन? मर्ल, बोटवाल्याची बायको ना तू!

…अगं हो, बसवला! सोपं नव्हतं. क्रँकचं भोक झिजून अंड्यासारखं लांबट झालेलं. आत बसवायला पितळी कड्यासारखा बुश घडवला, तो तापला. दुसरा घडवला, तोही तापला. धक्क्यावरची मंडळी म्हणायची, ‘क्लॅरी, तू नि तुझं लोखंड, दोघंही आता शोभेलाच बरे.’ मलाही तसंच वाटायला लागलं होतं… नाही, आज नाही तापला. बेअरिंगवर हात ठेवूनच बोलतोय. कोमट आहे, मर्ल. नुसतं कोमट!

…कुठून म्हणजे? बोटीवरून! सकाळीच एचुकाचा धक्का सोडला… नाही गं, बांधून ठेवलेली नाही, चालतेय… रडतेस?… बरं, नाही रडत. कांदा चिरतेयस.

आता खाली ये. तुझ्याच घाटावर, तुझा वॉली बोटीवरून टपाल टाकायचा तिथे… काठी घे. नि त्या मोटेलवाल्यालाही आण, बघू दे त्याला शोभा!

…पोहोचलीस? वळणावर बघ, निलगिरीच्या वर. धूर दिसतोय?… आता त्याच्या खाली… दिसलं चाक? हो! हो! वॉलीचाच क्रँक फिरवतोय ते!

…नाही, थांबता येणार नाही, तुझ्याकडे पाणी फार उथळ. वॉलीसारखं करतो, टपालाची पिशवी फेकतो… अरे मॉर्ट, जरा इंजिनाकडे बघ रे, मी डेकवर चाललो… हां मर्ल, बाजूला सरक. मोटेलवाल्याला सांग झेलायला, तेवढा तरी उपयोग होऊ दे त्याचा… फेकली!… झेलली? शाब्बास!

…उघड ना… पाकीटच आहे, दुसरं काय असणार? तुझ्या पत्राचं उत्तर… उशीर झाला, माहीत आहे… वाच, मोठ्यानं वाच…

हो, एवढंच. ‘फिरलं.’

…काय?… आणखी मोठ्यानं… थांब, कप्तान शिटी देतोय, आता काही ऐकू येणार ना… हॅलो?… मर्ल?…