बेसमेंटमधल्या भुतांची किंमत

—थांब, थांब, त्या मुखवट्याला हात नको लावूस, बोटं तेलकट होतील. तेलच आहे ते, खोबरेल. असा काय बघतोस माझ्याकडे? रबराला चिरा पडायला लागल्या होत्या, म्हटलं जरा तेल चोळावं, थंडीत टाचांना नाही का चोळत आपण? काय सांगतोस, तेलाने रबर आणखीच खराब होतं? अगंबाई! बरं, मग लिही ना तसं, पेन कशाला थांबवलंस? लिही, ‘मुखवटा कामातून गेला’. संकोच करू नकोस निमिष, सुलेखाकाकूला वाईट नाही वाटणार. तुझे काका येतीलच एवढ्यात, दूध आणायला गेलेत. तसं दूध होतं घरात, सकाळी मीच सिंकमध्ये ओतलं — ते असू दे, तू ह्या भिंतीपासून सुरुवात कर.

गणपतीत मंडळाच्या हॉलवर तुझी ओळख करून दिली ना, की हा नागपूरचा, आठवडाभर कंपनीत कोड लिहितो आणि शनिवारी लोकांच्या घरी जाऊन भुताच्या सिनेमांची पोस्टरं, खेळणी, मुखवटे बघून किंमत काढून देतो — मी प्रसादाची डिश हातात धरून तशीच उभी राहिले. म्हटलं, ह्याच्या आईला माहीत आहे का हे? तिला वाटत असेल मुलगा अमेरिकेत काहीतरी मोठं करतोय! रागावू नकोस, चेष्टा केली. पण तुझे काका बघितलेस ना? आरती अर्धी टाकून तुला कोपऱ्यात घेऊन गेले. अरे, बत्तीस वर्षांत अख्ख्या श्रूजबरीतल्या एका मराठी माणसाने ह्या बेसमेंटमध्ये उतरून ‘वा’ म्हटलेलं नाही. पाहुणे खाली येतात, हा लांडगातोंड्या बघतात, आणि चहा झाला का विचारत वर पळतात.

कसं सुरू झालं म्हणजे? मी पुण्यात होते, माझा व्हिसा व्हायचा होता, आणि हे इथे एकटे, रेसिडेन्सीला, इमर्जन्सी वॉर्डात. सुट्टीच्या दुपारी एका डबड्या टीव्हीवर भुताचे सिनेमे बघायचे. मी आले, दार उघडलं, तर खुर्चीत हा ममी बसलेला, पट्ट्या गुंडाळून! नवी नवरी मी, हातात आईने दिलेल्या लोणच्याची बरणी. म्हटलं, हे काय? तर म्हणाले, दिवसभर माझ्या हातून माणसं जातात गं सुलेखा, इथे निदान मेलेला उठून बसतो. आता यावर काय बोलणार? दसरा आला तेव्हा गाडीला हळदकुंकू लावलं, ह्यांच्या स्टेथोस्कोपला लावलं, आणि उरलं होतं ते ममीला लावलं. मग दरवर्षीच लावत गेले. हे बघ ना, प्रत्येक खोक्याच्या कोपऱ्यात. डाग काय म्हणतोस, कुंकू आहे ते! — पण तू ‘डाग’च लिही. ठळक लिही.

हो, ही खेळण्यांची खोकी फोडलेली आहेत, सगळी. सीलबंद असती तर किंमत चौपट झाली असती, माहीत आहे, ईबेवर बघितलंय मी. आमची सलोनी सात वर्षांची असताना डेकवर दिवाळीचा किल्ला केला होता. पुण्याहून मावळे मागवले, तर बॅगेत सगळ्यांची मुंडकी उडालेली, एकटे महाराज तेवढे धड. पोरगी रडायला लागली. मग काय, आले खाली, आणि टराटरा फोडली खोकी! बुरुजावर लांडगे, तटावर ते दात काढलेले रक्तपिपासू, आणि मोठ्या दरवाज्यात छोटा ममी भाला घेऊन. हे कामावरून आले, बूटसुद्धा न काढता बघत उभे राहिले — मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. तर खाली बसले आणि ममीला जरासा डावीकडे सरकवला. म्हणाले, तिथून शत्रू दिसत नव्हता त्याला. असा माणूस आहे. आणि हे पोस्टर — घड्या नाहीत म्हणून एवढा खूश होऊ नकोस, मी इस्त्री केलीय त्याला. अरे, कपाळावर हात काय मारतोस? त्या काळी पोस्टरं घडी घालूनच पाठवायचे, घडी चालते, हे मला कोणी सांगितलं होतं का?

तर सांगायचा मुद्दा काय, की ह्या मालात काही दम नाही. असंच सांग काकांना. का म्हणजे? हे बघ, बोस्टनचा एक जण सगळं एकगठ्ठा न्यायला तयार आहे, तू फक्त आकडा सांगायचा अवकाश. मग हे म्हणतात, एकदा भुतं चांगल्या घरी पडली की आपल्या घरापुढे विक्रीची पाटी लावू आणि मार्चपर्यंत पुणं. कोथरूडला फ्लॅट घेऊन ठेवलाय, किल्ली धाकट्या जावेकडे, तीही खालच्याच मजल्यावर. सगळी तयारी. आणि ह्याला कारण माझंच तोंड! दर थंडीत, बर्फाचं फावडं हातात घेतलं की मीच म्हणायचे, रिटायर झालो की आधी पुणं गाठायचं, इथे कोण मरायला राहतंय. सगळेच म्हणतात रे! तू नाही म्हणत? दोन वर्षांनी परत जाणार? बघ, हेच. आमच्या मंडळात पुरुषोत्तम सोडून — म्हणजे ह्यांना सोडून — एकूणएक माणूस उठता-बसता हेच म्हणतो, तो काय खरंच जायला? बोलायची पद्धत आहे ती आपली. ह्यांनी मात्र ते मनावर घेतलं, आणि गुपचूप फ्लॅट बुक करून माझ्या वाढदिवसाला कागद हातात ठेवले.

मला नाही जायचं निमिष. झालं, बोलून गेले. चोपन्नाव्या वर्षी पोहायला शिकले मी इथे, नाकातोंडात पाणी जाऊन जाऊन. गुरुवारी लायब्ररीत पोरांना गोष्टी सांगते, माझ्या इंग्लिशला हसतात मेली, पण दर गुरुवारी येतात. गाडी काढते, जाते, येते. तिकडे गेले की मी पुन्हा मोठी वहिनी — कुठे चाललात, कधी येणार, एकट्याच? इथे मला कोणी काही विचारत नाही. सुरुवातीला त्याचंच रडू यायचं. आता तेच आवडतं, काय करू? ह्यांना सांगू? कसं सांगू? माणूस जन्मभर राबला आणि आता म्हणतो, तुला तुझ्या गावाला नेतो. एवढ्या मायेने म्हणतो, की त्याच्या तोंडावर नाही म्हणवत नाही. म्हणून हा उपद्व्याप. पडेल किमतीला हे एक दातसुद्धा विकणार नाहीत, आणि ह्या भुतांना टाकून कुठे जाणारही नाहीत. तू फक्त कमी सांग. — काय? तेलाचा वास ताजा येतोय? नाकाचा फार तिखट आहेस रे तू! मंगळवारी लावलं. त्यातल्या त्यात स्वस्तातला मुखवटा बघूनच लावलं, मी काही वैरीण नाही त्यांची.

हसतोस काय? अरे, मी एवढं पोटातलं सांगतेय आणि तू — काय? काल? तुला फोन? ह्यांनी केला? काय म्हणाले? ... कमी सांग म्हणाले? माझ्यासमोर कमी सांग म्हणाले? काहीतरीच. तुझा ऐकण्यात घोटाळा झाला असेल. ... बरं, आणखी काय म्हणाले? नीट सांग, त्यांच्याच शब्दांत सांग. ... ‘सुलेखाला पुण्याची फार ओढ आहे, तिला नाही म्हणवत नाही. पण निदान हा हिवाळा तरी काढू दे मला इथे.’

असं म्हणाले?

मग पुण्याला जातंय कोण?

नाही, रडत नाहीये, हसतेय. दोन्ही करतेय, तुला काय करायचंय? — गॅरेजचं दार वाजलं. आले. ठेव तो कागद खिशात, आज कमीही सांगायचं नाही नि जास्तही सांगायचं नाही. ह्या मागच्या दाराने नीघ तू, पायरीवर बर्फ आहे, जपून उतर. चहा? चहाला पुढच्या शनिवारी ये. आता जा रे बाबा, मला माझ्या नवऱ्याशी भांडायचंय.