साठावा श्वास

सकाळचे अकरा चाळीस, साल दोन हजार सात. तमिळ मुलखातल्या ओरगडमचा, गाड्यांच्या वायरी जोडणारा कारखाना, आणि फरशीवर आडवा मी.

तुम्हाला सांगतो, तीस वर्षं इकडेच बातमीदारी केली, पोलिसांच्या काठ्या खाल्ल्या, पडलो नाही, आणि पडलो तर श्वास घेताना... गेलो होतो कंपनीचं पितळ उघडं पाडायला. तिथल्या कामगार बायकांनी पंखे मागितले म्हणून कंपनी श्वास शिकवते म्हणे, मथळा बसमध्येच तयार होता, ‘पंखा विसरा, नाकानं वारा घ्या’. शिकवणाऱ्या जयंतीबाई, तंजावरकडच्या मराठी. "सार, ताठ बसा. नाकानं घ्या, नाकानं सोडा, मेल्ल मेल्ल, हळू. दहाच. गरगरलं की थांबा. पोट रिकामं आहे की? बीपी?"

मी म्हणालो, "पोट रिकामं. बीपी असेल तर तुमच्या मॅनेजरला." अहो, अर्ध्या तासापूर्वी पोंगल आणि दोन वडे हाणलेले, बीपीची गोळी खिशात तशीच. जबाबदार कोण? मीच.

बायका हसल्या आणि मला चेव चढला. दहा झाले. "पुरे, सार." पुरे? मी काय कुणी सांगितलं म्हणून थांबणारा माणूस आहे? वीस, चाळीस, लोहाराच्या भात्यासारखा... "सार, शर्यत नव्हे ही..." साठ, आणि छत खाली आलं की मी, देव जाणे. जबाबदार कोण? मीच की.

डोळे उघडले तर एक कामगार बाई पुठ्ठ्यानं वारा घालतेय आणि तमिळमध्ये शेजारणीला सांगतेय, "गेलं आता आपलं बसणं." बसणं? तेव्हा कळलं, दिवसभर उभ्यानं करायच्या कामात जेवण सोडलं तर खुर्ची मिळते ती या वर्गाच्याच दहा मिनिटांत. तीस वर्षं प्रश्न विचारून पोट भरलेला मी, हे एक विचारलंच नव्हतं.

एवढ्यात सुरक्षा अधिकारी कृष्णस्वामी फॉर्म घेऊन हजर. "कारण काय लिहू, सर?" सांगायचं ना, वडे, गोळी, मस्ती... जयंतीबाई समोर उभ्या, बायका बघताहेत, आणि मी म्हणालो, "श्वासाचा व्यायाम."

सोमवारी वर्ग बंद, खुर्च्या गोदामात, जयंतीबाई घरी. मग मी खरं काय ते लिहून कंपनीला तीन पत्रं धाडली, खुर्च्या परत कधी लावणार म्हणून, प्रती जयंतीबाईंना. उत्तर नाही. जयंतीबाईंचा मात्र एकदाच फोन आला, आवाज चढवला नाही बाईनं. "सार, पत्र मला दाखवू नका. तुमच्या पेपरात कधी छापता, ते सांगा."

दीड वर्ष झालं त्या फोनला, छापायचं अजून राहिलंच आहे.