नाव फ्रूमेट

(१९४६. जर्मनीतल्या निर्वासित छावणीत सुपाची रांग. लग्नं जुळवणाऱ्या ब्रायनामावशी आणि लाइबिश शिंपी. दोघंही पोलंडमधल्या ड्रोबनिक गावचे ज्यू.)

ब्रायना : म्हणजे मुलगी पसंत, नाव नापसंत?

लाइबिश : मावशी, माझी आई फ्रूमेट, हीसुद्धा फ्रूमेट. सासू-सुनेचं एक नाव आपल्यात चालत नाही. तुम्हीच घरोघर सांगत फिरायचात.

ब्रायना : तेव्हा फिरायला घरं होती.

लाइबिश : लढाईआधी याच स्थळाला तुम्हीच नकार कळवलात!

ब्रायना : नकार तुझ्या आईचा. मी नुसती निरोप्या. आणि नाव हे निमित्त रे. मुलगी खाटकाची, हे खरं दुखणं. खाटकांचं सिनेगॉग वेगळं, शिंप्यांचं वेगळं.

लाइबिश : ते लोक प्रार्थना चालू असताना मटणाचा भाव करायचे!

ब्रायना : आणि तुम्ही अस्तराचा. दोन्ही सिनेगॉगं एक करायला आपल्या पंचांना पन्नास वर्षं जमलं नाही. जर्मनांनी एका दुपारी सगळ्यांना एकाच खड्ड्याशी नेलं.

लाइबिश : (रांगेत एक पाऊल पुढे सरकतो.)

ब्रायना : असो. स्थळात दोष म्हणशील तर मुलगी थोडी तिरळी आहे. मागे मी लपवलं होतं.

लाइबिश : मला दिसतं ते.

ब्रायना : चष्म्याला काच एकच, आणि रांगेच्या त्या टोकाची मुलगी दिसते? मग मी कशाला घसा कोरडा करतेय? उद्या सकाळी तिचा ट्रक बंदरावर जातोय. तिथून बोटीनं अर्जेंटिनात, मामाकडे. बोल चटकन.

लाइबिश : मावशी, आपण मुलांना गेलेल्यांचीच नावं ठेवतो. मला मुलगी झाली तर आईचं ठेवायचं होतं. पण घरात जिती फ्रूमेट असताना कसं ठेवणार? आईचं नाव बुडेल.

ब्रायना : बुडतंय कसलं! ‘फ्रूमेट, माझी कात्री कुठंय’ म्हणून दिवसभर बोंबलशील. तुझ्या बापानं जन्मभर दुसरं काय केलं?

लाइबिश : हे खरं.

ब्रायना : मग जा. आणि शर्ट खोच आत, शिंपी ना तू?

लाइबिश : पण मग मुलीला नाव काय ठेवायचं?

ब्रायना : नावांना काय तोटा? अख्खं ड्रोबनिक खोळंबलंय. अगदीच अडलं तर माझ्या तिघी लेकींची आहेत. थोरलीचं जरा लांबलचक आहे. मधलीचं हाक मारायला सोपं.